कळंबा जेलमध्ये भावाला एचआयव्हीची गोळी मिळेल का? आणि मिळूनही काहीजण ती मध्येच का सोडतात?

मिळेल, आणि फुकट. सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रांतून, 2004 पासून औषध मोफत आहे. कोल्हापुरात असं केंद्र सीपीआर या सरकारी दवाखान्यात आहे. घोडं अडतं ते बराकीत. गोळी रोजची, ठरल्या वेळेची, आणि भोवती दहा जणांचे डोळे. ‘कसली रं गोळी?’ एवढ्या एका प्रश्नाला भिऊन माणूस ती खिशात सरकवतो, मग राहूनच जाते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय हे कुणाला सांगता येत नाही, पण बराकीत गुपित टिकतं होय! दुसरी गळती जेल बदलली की, किंवा अचानक जामीन झाला की: माणूस बाहेर, गोळ्या आत. म्हणून त्याचा एआरटी नंबर (केंद्रातला नोंदणी नंबर) आत्ताच घरी लिहून ठेवा, आणि सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी सीपीआर गाठा.