टेनिसमध्ये ज्युनिअर नंबर वन असलेला युकी भांबरी पुढे गायब का झाला?

गायब नाही झाला हो, अजून खेळतोय, फक्त आता डबल्स (जोडीने) खेळतो आणि डबल्सच्या बातम्या आपल्याकडे कुणी वाचत नाही. 2009 ला ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर जिंकला तेव्हा तो 16 वर्षांचा होता, ती जिंकणारा पहिला भारतीय, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आता दोन-चार वर्षांत मोठ्यांची ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) येणार. पण ज्युनिअर संपलं की फ्युचर्स, चॅलेंजर अशा खालच्या पातळीच्या स्पर्धांमधून परत तळापासून सुरू करावं लागतं, प्रवास, कोच, फिजिओ सगळा खर्च अंगावर, आणि समोर तिशीतले मुरलेले गडी.

त्यातूनही तो 2015 ला जगातल्या टॉप 100 मध्ये आला होता. मग कोपर गेलं, रँकिंग पार घसरलं. तरी 2017 ला वॉशिंग्टनच्या स्पर्धेत त्याने फ्रान्सच्या मॉनफिसला हरवलं, तेव्हा मॉनफिस तिथला गतविजेता होता!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बालेवाडीला चॅलेंजरची फायनल मी स्टँडमध्ये बसून बघितली, समोर आपलाच रामकुमार रामनाथन. रामकुमारची सर्व्हिस म्हणजे तोफ, पहिला सेट त्यानेच घेतला. पण युकी मागे सरकलाच नाही, उलट बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) आत पाऊल टाकून बॉल उसळून वर येतो न येतो तोच घ्यायचा, छोटासाच स्विंग, आणि बॉल थेट रामकुमारच्या पायाशी. तीन सेटमध्ये जिंकला. असे हात मी भारतीय प्लेअरमध्ये फार कमी बघितलेत, खरंच.

एप्रिल 2018 ला 83 वा नंबर होता, आणि त्याच वर्षाच्या शेवटी गुडघा गेला. दोन वर्षांहून जास्त काळ मॅच नाही. वय 26 ते 28, म्हणजे टेनिसवाल्याची ऐन उमेदीची वर्षं, ती अशी गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

परत आला तेव्हा सिंगल्सची धावपळ गुडघ्याला झेपेना म्हणून डबल्सकडे वळला. तिथे अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं आणि रिटर्न, नेटजवळचे हात यालाच किंमत असते, म्हणजे त्याच्याकडे जे होतं तेच. 2023 ला मायोर्का, 2024 ला म्युनिक आणि श्टाड, 2025 ला दुबई अशी टायटल्स घेतली, आणि 2025 च्या यूएस ओपनमध्ये मायकल व्हीनसला जोडीला घेऊन सेमीफायनल. मोठ्यांच्या स्लॅममधली पहिली सेमी, वयाच्या 33 व्या वर्षी.

त्याला फेल गेलेला म्हणू नका प्लीज.