पुस्तकांचं कपाट डुलतंय? आधी त्याची पाठ बघा

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन मागवून घरीच जोडलेलं पाच खणांचं पुस्तकांचं कपाट दोन वर्षांत डावी-उजवीकडे डुलायला लागलं. स्क्रू आवळले की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. आता टाकून द्यावं का?

टाकू नका. आमच्या अशाच कपाटाने भाड्याची तीन घरं पाहिली, आणि दर वेळी खोलताना-जोडताना ते जास्त खिळखिळं झालं. मीही स्क्रूच आवळत बसायचे. दुखणं पाठीत होतं.

शाळेतली दगडी पाटी आठवा. दगड फुटला की उरलेली लाकडी चौकट हातात लगेच तिरकी व्हायची, चारही कोपरे जोडलेले असूनही. कपाटाचं तसंच आहे. फळ्या वजन पेलतात, पण त्यांना बाजूला कलू न देण्याचं काम मागचा पातळ बोर्ड करतो. आणि नेमकी तिथेच काटकसर केलेली असते: जेमतेम ३ मिमीचा हार्डबोर्ड, तोही बारीक चुका (छोटे खिळे) ठोकून बसवलेला.

वरच्या कोपऱ्याला हात लावून हलकेच बाजूला ढकला आणि त्याच वेळी मागे डोकवा. पाठीचा बोर्ड बाजूच्या फळीवर सरकताना दिसला की निदान झालं. आमच्या कपाटात चुकांची भोकं लांबट होऊन गव्हाच्या दाण्याएवढी झाली होती आणि खाली फरशीवर भुशाची बारीक रेघ पडली होती. (कपाट तिरकं न होता नुसतं एका पायावर डुगडुगत असेल, तर आधी फरशीचा उतार बघा. पायाखाली पाचर घालून भागतं.)

आता दुरुस्ती. पुस्तकं काढा, जुनी चादर अंथरून कपाट पालथं घाला. मागचा हार्डबोर्ड काढून टाका. प्लायवुडच्या दुकानातून त्याच मापाचा ६ मिमीचा प्लाय कापून आणा. उरलेल्या तुकड्यांत बऱ्याचदा मिळतो, मला सातशेच्या आसपास पडला. तो लावण्याआधी कपाट गुण्यात आणा, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, ही पायरी अजिबात गाळू नका. टेपने दोन्ही कर्ण मोजा. आमच्याकडे १४ मिमीचा फरक निघाला. लांब कर्णाचे कोपरे एकमेकांकडे दाबत दोन्ही मापं सारखी केली, आणि मगच स्क्रू मारले. कडेने दर १५ सेंमीवर एक, शिवाय मधल्या फळ्यांमध्येही. आधी २ मिमीच्या बिटने भोक पाडा, नाहीतर फळ्यांचा दाबलेल्या भुशाचा बोर्ड कडेला उकलतो. पुन्हा घर बदलायचं नसेल तर कडेला फेव्हिकॉलही लावा. तो उघड्या भुशाच्या कडेलाच धरतो, सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर नाही.

स्क्रू पुन्हापुन्हा ढिले होतात त्याचं कारण म्हणजे बोर्डातलं भोक झिजलंय. आगकाडी कोंबून काम चालवणारे खूप आहेत. बिजागरीच्या छोट्या स्क्रूला ते चालतं, पण फूटभर पुस्तकांचं वजन सात-आठ किलो होतं, तिथे मी ते करणार नाही. भोक ८ मिमीचं करा, फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोका, एक दिवस हात लावू नका, मग खुंटीत नवं बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. आतून कोपऱ्यांना एल पट्ट्या (L आकाराच्या धातूच्या पट्ट्या) लावणार असाल तर १८ मिमीच्या बोर्डाला १५-१६ मिमीचाच स्क्रू घ्या. २० चा घेतला तर पलीकडे फुगवटा येतो. आणि सगळं हातानेच आवळा. ड्रिलने आवळलं की भुसा पीठ होतो.

एक दुखणं मात्र बरं होत नाही. पावसाळ्यात ओल लागून किंवा फरशी पुसताना पाणी पिऊन खालची कड पुरीसारखी फुगली असेल आणि नखाने टोकरल्यावर भुसा सुटत असेल, तर त्यात कुठलाच स्क्रू धरणार नाही. तेवढी फळी बदलून घ्या. दोन्ही बाजू फुगल्या असतील तर मीही ते कपाट ठेवणार नाही.

शेवटी, घरात लहान मूल असो-नसो, कपाट भिंतीला जखडा. अमेरिकेत २०१६ साली आयकियाने ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर उलटून मुलं दगावली होती. तुम्हाला वरच्या फळीला दोन एल पट्ट्या पुरतील. विटेच्या भिंतीत ६ मिमीचं भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी पोकळ खुंटी) ठोका, त्यात स्क्रू. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. घर सोडताना ती दोन भोकं व्हाइट सिमेंटने बुजवून देता येतात.