चालतंय कोण, मी की यंत्र?

"बाबा रोबोटवर जायलाच तयार नाहीत. तुम्ही सांगून बघता का?" फोनवर मुलगी होती. आवाजात वैताग, आणि त्याखाली भीती.

वडील ६८ वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू लुळी पडली. एक्झोस्केलेटनवर, म्हणजे कंबरेपासून पावलांपर्यंत बांधायच्या मोटारच्या सांगाड्यावर, तीन सत्रं झाली होती. चौथ्या दिवशी काकांनी व्हीलचेअरचा ब्रेक सोडूच दिला नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी भेटायला गेले. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं, म्हणून आधी झोप, भूक, रडू येणं याची चौकशी केली. तसं काही दिसेना. काका उदास नव्हते, चिडलेले होते.

"काल मी २४० पावलं चाललो म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आणि पट्टे सोडल्यावर मला खुर्चीतून पलंगावर घ्यायला दोन माणसं लागली. मग चाललं कोण, मॅडम?"

"हळूहळू होईल, काका," मी म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बरोबरच होतं त्यांचं. इतक्या नेमक्या प्रश्नाला इतकं गुळमुळीत उत्तर द्यायला नको होतं.

हा प्रश्न बरेच जण विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात: सवय लागेल का, पाय आळशी होईल का. भीती अगदीच निराधार नाही. पाय सैल सोडून दिला आणि सगळं काम मोटारनं केलं, तर मेंदू त्यातून फारसं शिकत नाही. यंत्राचा खरा उपयोग आवर्तनांचा. फिजिओथेरपिस्टनं खाली वाकून लुळा पाय हातानं पुढे टाकायचा म्हटलं तर थोड्या पावलांत त्याची पाठ भरून येते. यंत्र शेकडो पावलं टाकू देतं आणि पडूही देत नाही. पण त्या पावलांत रुग्णाचा जोर हवा. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात ६२ चाचण्या, २४४० रुग्ण होते. नेहमीच्या फिजिओथेरपीला यंत्राची जोड मिळाली तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि सर्वाधिक फायदा पहिल्या तीन महिन्यांतल्या, अजून चालता न येणाऱ्यांना होतो, असं त्यात दिसलं. जोड, बदली नव्हे. जे थोडंफार चालू शकतात, त्यांच्यात थेरपिस्टच्या हातचा सराव ट्रेडमिलवरच्या रोबोटपेक्षा सरस ठरल्याचे अभ्यासही आहेत.

"तीन महिने" हे मुलीनंही कुठंतरी वाचलं होतं, म्हणून तर ती घायकुतीला आली होती. तिला सांगितलं, तीन महिन्यांनी कुठलं दार बंद होत नाही. सुधारणेचा वेग मंदावतो, एवढंच. एक सत्र बुडाल्यानं काही बिघडत नाही. व्हिडिओ मात्र विचारल्याशिवाय टाकायचा नाही.

मग काकांचा प्रश्न मी जसाच्या तसा थेरपिस्टपुढे ठेवला. त्यानं टॅबलेट काकांच्या मांडीवर दिला. प्रत्येक पावलाला यंत्र किती मदत करतं, ते त्यावर दिसतं, आणि ती मदत कमीही करता येते. हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणी दाखवलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मदत उतरवून काकांना उभं केलं. डावा गुडघा थरथरला. पाऊल उचललं, पण अर्ध्यावर अडकलं. मोटार घरघरली आणि उरलेलं तिनं पूर्ण केलं. पुन्हा तेच. कपाळावर घाम. सातव्या-आठव्या वेळी घरघर नेहमीपेक्षा कमी झाली.

"हे?" काकांनी विचारलं.

थेरपिस्टनं आकडा वाचला. "यातलं बरंचसं तुमचं."

त्या दिवशी एकूण पावलं ९० भरली, आधीच्या निम्मीही नाहीत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पट्टे सोडल्यावर पलंगावर घ्यायला माणसं दोनच लागली. मुलीनं किती झाली म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "यंत्राची सोड. माझी अकरा."