लायडारमुळे जंगलाखालची जुनी शहरं कशी सापडतात? सह्याद्रीतही सापडतील का?

नऊ वर्षं लायडारचे पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझरने जमिनीवर मोजलेल्या बिंदूंचे ढग, साफ करण्यात घालवलीत, त्यामुळे ‘लेझरने शहर शोधलं’ अशी बातमी वाचली की माझं डोकं फिरतं. विमानातून मारलेले बहुतेक लेझर किरण पानांवर आपटून परततात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. झाडांचे बिंदू उडवले की उघडी जमीन स्क्रीनवर येते. तिथून पुढे माणूसच लागतो. बेलीझमधल्या काराकोल या जुन्या माया शहराजवळ २००९ मध्ये चार दिवसांत सुमारे २०० चौ. किमी स्कॅन झालं, हे सगळे सांगतात. चेस हे पुरातत्त्वज्ञ पती-पत्नी त्याआधी पंचवीस वर्षं ते रान तुडवत होते, हे कोण सांगतो?

आमच्याकडे घाटातल्या एका रस्त्याचा डेटा आला होता. रात्री झाडं उडवून हिलशेड (जमिनीचे चढउतार सावलीतून दाखवणारं चित्र) काढला, तर उतारावर एकाखाली एक, सारख्या अंतरावर पंधरा-वीस रेघा. माया लोकांची पायऱ्यांची शेती असते तश्शा! साहेबांना फोन करून झोपेतून उठवलं. ते म्हणाले, “आपल्याला पैसे रस्त्याचे मिळतात.” रविवारी गाडी काढून एकटाच गेलो. करवंदीच्या जाळ्यांत हात ओरबाडून घेत चढलो, तर नुसते चर. गुरं राखणारे एक आजोबा म्हणाले, “रोजगार हमीला आम्हीच खांदलं की हे.” सलग समतल चर! सोमवारपासून ऑफिसात माझं नाव ‘मोहेंजोदडो’.

त्याच सोमवारी चित्र पुन्हा नीट पाहिलं. एक रेघ समतल नव्हती. सगळ्या चरांना छेदत ती थेट खिंडीकडे चढत होती. पाणी अडवायला असा चर कुणी खणत नाही. जुनी घाटवाट असणार. पण तोवर माझं ऐकतंय कोण! पुढे पावसाळा लागला, मग मी ती नोकरीच सोडली.

रस्त्याचा डेटा रस्त्यापुरता, हे साहेबांचं पालुपद. मेक्सिकोत २०१३ मध्ये जंगलातला कार्बन मोजायला केलेला लायडार सर्व्हे इंटरनेटवर पडून होता. ल्यूक ऑल्ड-थॉमस या संशोधकाने तो उघडला आणि त्यातून वालेरियाना हे अख्खं माया शहर निघालं. २०२४ मध्ये निबंध छापून आला, सुमारे ६,७०० बांधकामांचा. कार्बनच्या पैशातून निघालं, साहेब.

सह्याद्रीत मिळेल की, का नाही मिळणार? फक्त उड्डाण पानगळ झाल्यावर करा. सदाहरित पट्ट्यात त्याचाही उपयोग नाही. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: कारवीसारख्या दाट झुडपात सॉफ्टवेअर झुडपालाच जमीन समजतं, नाहीतर फूटभर उंचीचा चौथरा झुडूप म्हणून उडवतं. रेघेचं वय तर लेझरला कळतच नाही. ते गावात विचारावं लागतं. मी आजोबांना चरांचं विचारलं, वाटेचं विचारायचं राहून गेलं.