धोका दुप्पट झालाय म्हणे!

गेले काही महिने हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. "मॅडम, त्या गोळीने धोका दुप्पट होतो म्हणे." गोळी दरवेळी वेगळी, घाबरलेला चेहरा तोच.

एक ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या (तपशील अर्थात बदललेत). गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या, कुठेतरी वाचलं की त्याने रक्तात गुठळी व्हायचा धोका दुप्पट, झालं, झोप उडाली, रोज रात्री पोटऱ्या चाचपून बघायच्या आणि गोळी कुणाला न सांगता बंद.

पहिल्या दोन भेटींत मी आकडे समजावत बसले, चुकलंच माझं. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी परत तेच. मग एकदा सहज विचारलं, "दुप्पट म्हणजे तुमच्या डोक्यात नक्की किती?"

"अर्धंअर्धंच ना. होईल नाहीतर नाही होणार."

म्हणजे मी बोलत होते एका आकड्याबद्दल आणि ताई जगत होत्या दुसऱ्याच! अहो, कशाच्या दुप्पट ते कळल्याशिवाय दुप्पटला काही अर्थच नाही. १९९५ साली ब्रिटनमध्ये नेमकी अशीच बातमी आली होती, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट म्हणून. प्रत्यक्षात ७००० बायकांमागे १ च्या जागी २. पण घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो, ते वेगळंच.

मी म्हटलं, "डोळे मिटा. मैदानात ७००० बायका आहेत. आधी एक उठून उभी राहिली, आता दोन."

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "बाकीच्या ६९९८ माझ्या डोक्यात आल्याच नाहीत हो." आणि लगेच, "पण ती दुसरी मीच असले तर?"

खरा प्रश्न हा होता. आकड्याने भीती मापात येते, पण मनाला शंभर टक्के खात्री हवी असते आणि ती कुठलाच आकडा देत नाही. भीतीमागचा हा हट्ट सापडला की माणूस निम्मा मोकळा होतो हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. तरी पुढचं विचारायचं मला सुचलं याचं आजही बरं वाटतं: "तुम्हीच असाल असं का वाटतं?"

"आईच्या पायात झाली होती ना गुठळी."

हे डॉक्टरांना सांगितलेलंच नव्हतं! ७००० चा हिशोब सगळ्या बायकांचा सरसकट, आईला गुठळी झालेली असेल तर तो बदलतो. मी नुसता धीर देऊन पाठवलं असतं तर? म्हणून आता मी कुणालाही "काही होत नाही" म्हणत नाही. डॉक्टरांना विचारा, कितीपैकी किती, गोळी न घेता किती, आणि माझ्या बाबतीत काय वेगळं? औषध मनाने बंद करू नका. आणि हो, जाहिरातीत फायदा टक्क्यांत आणि तोटा हजारात किती असा दिसला तर दोन्ही एकाच मापात मागा, ही चलाखी फार चालते.

ताई डॉक्टरांकडे जाऊन आल्या, त्यांनी दुसरा उपाय सुचवला. मला सांगत होत्या, "याचेपण धोके सांगितले त्यांनी. मी म्हटलं, कितीपैकी किती ते लिहून द्या."