४५-७० च्या काडतुसात काळी दारू (बंदुकीची जुनी, धूर करणारी दारू) भरायची तर दाणा कोणता घ्यावा, टू एफ की थ्री एफ?

राम राम भाऊ. पारोळ्याचा माणूस टेक्सासात बसून काळ्या दारूबद्दल मराठीत विचारतोय म्हटल्यावर राहवलंच नाही. मी अमळनेरचा, नोकरीपायी बरीच वर्षं तिकडे होतो आणि क्लबात हेच करायचो, आता जळगावात आहे आणि इथे हा उद्योग बंद, का ते शेवटी सांगतो.

तर तुम्ही लिहिलंय की शार्प्स या जुन्या अमेरिकन रायफलच्या धर्तीची नवी रायफल घेतली, कॅलिबर ४५-७०, गोळी ५०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे इथे वजन, ७००० ग्रेनचा एक पाउंड, दाण्याशी त्याचा संबंध नाही, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो), दुकानात वन एफ, वन अँड हाफ एफ, टू एफ, थ्री एफ असे सगळे डबे मांडलेले, आणि क्लबातले एक जण म्हणतात थ्री एफ घ्या, वेग वाढतो. वेग वाढतो हे खरंय. पण तुमच्या गोळीला तो नकोय. स्विस नावाच्या ब्रँडची दारू मिळत असेल तर वन अँड हाफ एफ, दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर टू एफ, एवढंच घ्या आणि थ्री एफचा डबा शेल्फवर राहू द्या.

आता का ते. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. साधारण वन एफचा दाणा १.२ ते १.७ मिलिमीटर, टू एफ ०.६ ते १.२, थ्री एफ ०.३ ते ०.८५, आणि फोर एफ तर नुसती भुकटी, ती चकमकीच्या बंदुकीच्या कानात (ठिणगी पडते त्या खळग्यात) घालायची, काडतुसात तिचं काहीच काम नाही. काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते, म्हणजे त्याच वजनाचे दाणे बारीक केले की पृष्ठभाग वाढला आणि वायू लवकर तयार झाला. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या घातल्या की एकदम भडका होतो आणि बाभळीचं लाकूड घातलं की भाकरी होईपर्यंत जाळ टिकतो, तसंच हे. तुमची ५०० ग्रेनची गोळी म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम शिसं, ती जागची हलायला वेळ घेते, आणि थ्री एफचा दाब तेवढ्यात वर जातो, म्हणजे गोळी अजून नळीत नीट शिरलीसुद्धा नाही तोवर मागून फटका बसलेला असतो, मऊ शिशाची असेल तर तिचं नाक दबतं, बूड फुगतं, आणि मग २०० यार्डावर गोळ्या कुठे कुठे लागतात ते बघत बसा. दाब वाढतो तो वेगळाच. नव्या पोलादाची रायफल तो सहन करेल, पण कोणी जुनी अस्सल ट्रॅपडोर (अमेरिकन फौजेची त्या काळची रायफल) घेऊन बसलं असेल तर त्याने हा प्रयोग अजिबात करू नये.

थ्री एफ वाईट असं नाही हां. ४४-४०, ३२-२० असली छोटी काडतुसं, हलकी गोळी, रिव्हॉल्व्हर, तिथे तोच बरा. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य करावी लागेल, बारीक दाणा बऱ्याचदा जरा स्वच्छ जळतो. म्हणून तर वन अँड हाफ मधला मार्ग म्हणून लोकांना आवडतो.

पण डब्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. वरचे आकडे बघा, टू एफ आणि थ्री एफच्या हद्दी एकमेकांत घुसलेल्याच आहेत, शिवाय एका कंपनीची दारू जास्त दाबून घट्ट केलेली, दुसरीची कमी, कोळसा वेगळा, त्यामुळे एकाचा टू एफ दुसऱ्याच्या टू एफसारखा वागेलच असं नाही. स्विस इतरांपेक्षा जोरदार आहे, त्यामुळे तिचा वन अँड हाफ साधारण दुसऱ्यांच्या टू एफच्या जागी चालतो. कंपनी बदलली की भरणा कमी करून पुन्हा पहिल्यापासून बघायचं, जुनं माप तसंच चालवायचं नाही. सुरुवातीचं माप कंपनीच्या किंवा छापील लोडिंग मॅन्युअलच्या आकड्यांवरून घ्या, क्लबातल्या गप्पांवरून नको, माझ्यावरूनही नको.

जुन्या फौजांनीही हेच केलं होतं. अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये हेच ४५-७० आणलं तेव्हा ७० ग्रेन दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी होती, पुढे १८८१ मध्ये गोळी ५०० ची केली. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ८५ ग्रेन दारू आणि ४८० ची गोळी, आणि त्या दारूचं नावच आरएफजी-टू, म्हणजे रायफलसाठी ठरवून दिलेला दाणा. ढकलायचं वजन वाढलं की दाणा मोठा, हा नियम तोफेपर्यंत जातो. अमेरिकेत रॉडमन नावाच्या अधिकाऱ्याने १८६० च्या आसपास मोठ्या तोफांसाठी भोकं पाडलेल्या दारूच्या वड्या केल्या, का तर बाहेरून जळून वडी लहान होत असताना भोकं आतून मोठी होत जातात आणि वायू शेवटपर्यंत येत राहतो. आणि गंमत म्हणजे ज्या ३०३ चं नाव आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे, ते काडतूससुद्धा १८८८ मध्ये सुरू झालं तेव्हा काळ्या दारूचंच होतं, दारू दाबून मध्ये भोक ठेवलेली वडी आत असायची. पण बारीक नळीत काजळी लगेच साठायची, तीन-चार वर्षांतच कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली आणि काळी दारू फौजेतून गेली.

इथेच आपल्या लोकांसाठी एक सांगून ठेवतो. आपण खान्देशातली माणसं भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या बघत मोठी झालो, वरणगावला १९६४ पासून रायफलची काडतुसं बनतात, त्यामुळे दारू म्हणजे दारू असं डोक्यात बसलेलं असतं. ती सगळी धूरविरहित दारू. काळी दारू केस (काडतुसाचं पितळी कवच) गच्च भरून घालतात, धूरविरहित दारू तशी मापाने भरली तर रायफल फुटते आणि माणूसही जातो. दोन्ही डबे एका टेबलावर एका वेळी कधीच नकोत.

आता काजळीचं. माझं मत विचाराल तर दाण्यावर लोक जेवढे भांडतात त्याच्या निम्मं लक्ष काजळीकडे दिलं तरी निशाण सुधारेल. काळी दारू जळून निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात उरतं, त्यातलं बरंचसं धुरात जातं पण नळीत राहतं ते पुढच्या गोळीच्या वाटेत. टेक्सासच्या कोरड्या भागातला उन्हाळा आपल्या जळगावच्या मे महिन्यासारखाच, कोरडी भट्टी, अशा हवेत काजळी कडक होऊन नळीला चिकटते आणि पाच-सहा बारांनंतर गोळ्या पसरायला लागतात. उपाय सोपा आहे, चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) नळकांडं घालून दोन बारांच्या मध्ये तोंडाने फुंकायचं, श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. पण आधी बार झालाय, केस बाहेर काढलीय, हे डोळ्यांनी बघून मगच तोंड लावायचं, आणि लावायचं ते मागच्या बाजूने. गोळीच्या खाचांत मेण-चरबीचं वंगण भरपूर असू द्या. बारांनंतर नळीच्या तोंडाशी वंगणाचं ओलसर कडं दिसलं तर जमलं समजा, कोरडी राखाडी पापडी दिसली तर दाणा बदलायच्या आधी वंगण बदला.

भरण्याबद्दल दोनच गोष्टी. एक, दारू आणि गोळी यांच्यात रिकामी जागा अजिबात ठेवायची नाही, काळ्या दारूत ते धोक्याचं, चेंबरला कडं पडू शकतं. दुसरी, दारू दोनेक फूट लांब पितळी नळीतून हळूहळू सोडा, दाणे आपोआप जवळ बसतात आणि दाबायला कमी लागतं. वर पुठ्ठ्याची चकती, मग दाबायच्या वेगळ्या डायने (साच्याने) दाबा, गोळीने नको, मऊ गोळी वाकडी होते. स्विसला थोडंसंच दाबणं पुरतं, काही दारूंना जास्त लागतं. मात्र फार दाबलं की दाणे चिरडतात, म्हणजे तुम्ही हौसेने टू एफ आणला आणि केसमध्ये अर्धा थ्री एफ करून टाकला, मग निवडून काय उपयोग झाला? आणि ७० ग्रेन म्हणजे ७० च बसले पाहिजेत असा हट्ट धरू नका, आजच्या केसचं बूड जुन्यापेक्षा जाड आहे, आत जागा कमी, बरेच जण साठ-पासष्टवर समाधानी असतात.

माप घ्यायचं यंत्र काळ्या दारूसाठीच बनवलेलं पाहिजे, आणि टेबलाजवळ बिडी-सिगारेट, हीटर, काही नको, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

इथला विषय. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला लायसन लागतं, दारू बाळगायला स्फोटकांचे नियम वेगळे, त्यामुळे मी इथे आल्यापासून फक्त गप्पा मारतो. दिवाळीला गावी येताना दारू, प्राइमर (काडतुसाच्या बुडातली पेटवायची टोपी) तर सोडाच, मित्रांना दाखवायला म्हणून एखादी रिकामी केससुद्धा बॅगेत टाकू नका, विमानतळावरच सुट्टी संपेल.

एक राहिलं, गोळी कसल्या शिशाची ओतली ते तुम्ही लिहिलंच नाही. वीस भाग शिसं एक भाग कथील असं असेल तर वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू. निव्वळ मऊ शिसं असेल तर टू एफमधलाही जोरदार ब्रँड टाळा, वन एफपासून सुरू करा आणि कागदावरची भोकं गोल येतायत की लांबट तेवढं बघून इथेच खाली कळवा.