मुलगा फुटबॉलमध्ये स्टॉपर (गोलीच्या पुढचा मधला बचावपटू) खेळतो, उंची साडेपाच फूट. त्याला यात पुढे जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 15 वर्षांचा आहे, कुडाळला शाळेच्या संघात स्टॉपर खेळतो आणि सर म्हणतात, "एवढ्या उंचीवर स्टॉपर होत नाही, विंगला टाका."

मी वेंगुर्ल्याचा. गोव्यातल्या क्लबांकडून सात सीझन स्टॉपरच खेळलो. आता गुडघा कुरकुरतो म्हणून पोरांना शिकवतो. तेव्हा माझं मत थोडं स्टॉपरच्या बाजूनं झुकणारच.

उंचीचं आधी उरकतो. इटलीचा फाबियो कॅनाव्हारो जेमतेम पाच फूट नऊ इंच. 2006 चा वर्ल्ड कप इटलीनं त्याच्या कप्तानीत जिंकला आणि त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताबही त्यालाच मिळाला. शिवाय तुमचा मुलगा अजून वाढतोय. पण सरही अगदीच चुकीचे नाहीत, मी पाहिलेल्या ट्रायल्सना पोराचा खेळ बघायच्या आधी त्याला भिंतीला उभं करतात.

मी उंची सोडून त्याचं तोंड बघेन. खरंच. पुढच्या सामन्याला गोलच्या मागे उभे राहा, बॉलकडे बघू नका, तो बोलतोय का तेवढं बघा. एकदा म्हापशाला पावसात खेळत होतो, शेवटची दहा मिनिटं, 0-0. कॉर्नर बाहेर काढला, आता सगळ्या बॅकनी एकदम पुढे सरकायचं, म्हणजे मागे राहिलेला त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइड सापडतो. "भायर सर" म्हणून ओरडायचं काम माझं. मी पुढे पळालो, पण ओरडलोच नाही, दम लागला होता. उजवा बॅक दोन पावलं मागेच राहिला, त्यामुळे त्यांचा फॉरवर्ड ऑनसाइड. बॉल डबक्यात अडकला, आमचा गोली पुढे येताना घसरला, त्या फॉरवर्डनं नुसता पाय लावला आणि गोल. ड्रेसिंग रूममध्ये उजव्या बॅकला कोणी काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बरोबरच होतं.

दुसरं, डावा पाय. 1992 पासून आपल्या खेळाडूनं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही, आणि 2019 पासून गोलीनं मारलेल्या गोलकिकचा बॉल स्टॉपरला बॉक्सच्या आतच घेता येतो. म्हणजे अंगावर फॉरवर्ड धावून येत असताना दोन्ही पायांनी पास देता आला पाहिजे, नुसता उडवून चालत नाही. कातळावरच्या मैदानात बॉल सरळ उडतो. भातकापणी झाली की कुणग्यात खेळवा, तिथे धसकटांवरून तो कुठेही वळतो आणि पाय आपोआप शिकतो.

घाई मात्र करू नका, स्टॉपर उशिरा पिकतो. मलप्पुरमचा अनस एडाथोडिका भारताकडून पहिला सामना खेळला तो 2017 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी. भारताचाच स्टॉपर संदेश झिंगननं 2011 ला युनायटेड सिक्कीमपासून सुरुवात केली, 2014 ला केरळ ब्लास्टर्समध्ये आला आणि आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्याच सीझनचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. पण 2019 ला गुडघ्यानं त्याचा अख्खा सीझन खाल्ला. 2021 ला क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला तर तिथेही दुखापत, सामना न खेळताच परत आला. त्यानंतरही तो खेळतच राहिला, पण प्रत्येकाचा गुडघा तेवढा साथ देत नाही. म्हणून बारावी आणि पदवी सोडू देऊ नका. आमच्यातले जे सावरले ते बहुतेक क्रीडा कोट्यातल्या नोकरीवर.

बांदा ओलांडलं की गोवा, त्यामुळे तिकडच्या क्लबांचे निरोप येतील. जाऊ द्या, पण भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीवर) नोंद कोणत्या क्लबच्या नावानं होतेय ते स्वतः बघा आणि करार लेखी घ्या. माझे एका क्लबनं तीन महिन्यांचे पैसे थकवले होते. दर वेळी "सोमवारी देतो" म्हणायचे आणि मी खेळत राहायचो. आता फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला तर किमान 15 दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडता येतो. तेव्हा त्याच्या कराराची सही-शिक्क्याची एक प्रत घरी फाइलला लावून ठेवा.